हाकेला ओ

आई मला "अहो बाई" म्हणायला लागली तेव्हा सुरुवातीला मला हसूच आलं. जिने जन्मभर मला अगं-तुगं शिवाय हाक मारली नाही, रागावली की "अगं ए महामाये" म्हणून बोलावलं, ती आता मी तोंड पुसून दिलं की म्हणायची, "बाई, तुमच्या हाताला गुण आहे हो. घरी कोण असतं तुमच्या?"

"एक म्हातारी आई आहे."

"मग तिच्याकडे कोण बघतं?"

"मीच बघते."

"मग इथे काय करताय? जा, घरी जा. वाट बघत असेल ती बिचारी." आणि मला खरोखरच हाताने दाराकडे लोटायची.

शेजारच्या निवृत्त नर्सबाईंना मी हे रंगवून सांगायची आणि आम्ही दोघी हसायचो. पण ते हसू काही फार दिवस पुरलं नाही. कारण आईचा पुढचा प्रश्न ठरलेला असायचा, "टिटवी आली का हो?"

टिटवी ही माझी धाकटी बहीण. जन्मली तेव्हा अशी किंचाळत सुटली की आईने तिथेच तिचं नाव टिटवी ठेवलं. चर्चमध्ये ठेवलेलं नाव नुसतं कागदावर राहिलं. टिटवीसुद्धा समुद्र आटवते म्हणतात. आमची टिटवी तो आटवायलाच निघून गेली आणि मी घरच्या बादल्या भरत राहिले. दगडखाणीला लागून एक वस्ती आहे, तिथे ती मिशनचं काम करते. सगळ्यांना वाटतं ती सिस्टर झाली. सिस्टर नाही ती. मठ नाही, झगा नाही, आजन्माचं व्रत नाही. तुमच्याआमच्यासारखी साधी बाई, चर्चने गोरगरिबांत राहायला पाठवलेली. ठरावीक मुदतीचं वचन द्यायचं, मुदत संपली की घरी यायचं. हिची मुदत संपायची आणि ही परत वचन द्यायची. मी याला लष्कराच्या भाकऱ्या भाजणं म्हणते, आणि तिच्या तोंडावर म्हणत आले आहे.

मी शाळांचे गणवेश शिवते. पुढच्या खोलीत माझी मशीन, आणि तिच्यासमोर आईची खाट. आईचा डोळा माझ्यावर आणि माझा आईवर राहावा म्हणून मी ती तशी लावून घेतली होती. आई तासन् तास माझ्याकडे बघत पडायची.

"ही मशीन कोणाची हो?"

"थोरलीची."

"हां. माझी थोरली फार सुरेख शिवते. काजं बघा तिची. कुठे गेलीय ती?"

"आई, मीच थोरली. ही काय तुझ्यासमोर."

आई मला वरपासून खालपर्यंत न्याहाळायची आणि समजुतीने सांगायची, "नाही हो बाई. माझी थोरली तरुण आहे."

थोरली तिला पक्की आठवत होती. ती म्हणजे मी, एवढंच काय ते आठवत नव्हतं. मी दर वेळी खरं सांगायची, दर वेळी ती हिरमुसायची. खोटं बोलायचं नाही हे तिनेच शिकवलेलं, तेही फूटपट्टी हातात घेऊन.

मग डॉक्टर म्हणाले, आता बोलवायचं असेल त्यांना बोलावून घ्या. फादर येऊन आईच्या कपाळाला तेल लावून, प्रार्थना करून गेले. टिटवीला फोन लागेना. लागला तेव्हा "येते, ताई, येतेच" एवढं ऐकू आलं आणि तुटला. दोन दिवस झाले तरी तिचा पत्ता नाही. तिसऱ्या दिवशी पहाटे नर्सबाईंना आईपाशी बसवलं आणि मीच निघाले. म्हटलं, झिंज्या धरून आणीन, पण आणीन. आईच्या डोळ्यांदेखत एकदा ती दारातून आत यायला हवी होती, बाकी मला काही नको होतं.

बस बदलत, शेवटी खडीच्या ट्रकमध्ये बसून वस्तीत पोचले. सगळीकडे दगडाची पांढरी पूड. पत्र्यांवर, दोरीवरच्या कपड्यांवर, पोरांच्या पापण्यांवर. वर खडी फोडणारा क्रशर घरघरत होता आणि माणसं त्याच्यावर आवाज चढवून बोलत होती, त्यामुळे सगळी वस्ती भांडतेय असं वाटत होतं. बायकांच्या तोंडाला कापडी पट्ट्या बांधलेल्या. पट्टीची टीप बघितली आणि ओळखलं, ही टिटवीचीच, वाकडी, जाड, धागा न तोडलेला. हिला शिलाई मीच शिकवली होती आणि कधी आली नव्हती.

"कोण हवंय?" एकीने विचारलं.

मी टिटवीचं नाव सांगितलं.

"हां, ताई! तुम्ही ताईंच्या कोण?"

"मी ताईची ताई," मी म्हटलं. माझा राग नाकावर आला होता. घरात ताई म्हणून हाक मारून घ्यायचा मान माझा एकटीचा होता, आणि इथे सगळी वस्ती हिला ताई म्हणत होती.

त्या बाईने मला आधी टिटवीची खोली दाखवली. दाराला कुलूप नव्हतं. भिंतीवर क्रूस, खाली सतरंजीची वळकटी, दोन प्लास्टिकच्या खुर्च्या, एका खोक्यात कापूस, खोबरेल, पावडर, फाडलेल्या चादरींच्या पट्ट्या. घर म्हणावं असं काहीच नाही अशी ती खोली. "ताई इथे नाहीत, धोबीण आजीकडे आहेत," बाई म्हणाली. "तीन रात्री तिथेच आहेत. आजी सोडतच नाही."

धोबीण आजी खाणमालकांच्या घरचे कपडे धुऊन म्हातारी झालेली. तिची खोली टिटवीच्या खोलीच्या निम्मी. आत गेले तर म्हातारी सतरंजीवर, श्वास करवतीसारखा चालू, आणि तिच्या हातात टिटवीचं मनगट. नुसतं धरलेलं नाही, आवळलेलं. टिटवीच्या गळ्यात ती छोटी गोल डबी होती, आजाऱ्यांना ख्रिस्तशरीर, म्हणजे चर्चमधला प्रसाद, घेऊन जातात ती. केसांत दगडाची पूड. मला बघितलं आणि तिला असं रडू फुटलं, की मी आणलेल्या शिव्या क्षणभर विसरले.

"आई?" ती म्हणाली.

"आहे अजून. तुझीच वाट बघतेय. ऊठ, ट्रक खाली उभा आहे."

ती उठली नाही. म्हातारी मात्र चाळवली. "पोरी, कोण आलंय? कुठे चाललीस?"

"कुठे नाही, आई. इथेच आहे मी," टिटवी म्हणाली.

आई! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिथे आमची आई दाराकडे डोळे लावून बसलेली, आणि ही बया इथे दुसरीलाच आई म्हणून बसलेली.

मग तिने हळू आवाजात सांगितलं. आजीची एकुलती एक पोर तरुणपणी शहरात कामाला गेली. जाताना "लगेच येते" म्हणाली, ती आलीच नाही. आता आजी टिटवीलाच ती पोर समजते. हात सोडवला की ओरडते, पुन्हा चाललीस म्हणून उठून बसायला बघते, मग श्वास लागतो. दुसरी कोणी बसली तर तिला ढकलून देते.

"आणि तू हो म्हणतेस."

"आमची पद्धत आहे ती, ताई. मरणाऱ्याने ज्या नात्याने हाक मारली, त्या नात्याने ओ द्यायची."

"खोटी साक्ष देऊ नको, हे तुला कोणी शिकवलं नाही? एवढी चर्चची माणसं तुम्ही!"

"ती साक्ष कुठे मागतेय गं? ती हाक मारतेय." टिटवीच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि पुसायला तिचा हात मोकळा नव्हता. "मीही पहिल्यांदा घाबरून फादरना विचारलं होतं. ते म्हणाले, मला सगळं गाव फादर म्हणतं, मी कोणाचा बाप आहे? पण ओ देतोच ना."

एरवी मी हसले असते. तेव्हा नाही हसले. मी खूप बोलले. दिव्याखाली अंधार म्हणाले, आईच्या दुधाचा विषय काढला, तिने वचन दिलेल्या सगळ्या मुदती काढल्या. ती ऐकत राहिली. भांडली असती तर बरं झालं असतं.

"थांब ना थोडी," ती म्हणाली. "हिचं काही तासांचंच राहिलंय. मग दोघी जाऊ."

"आणि आईचं किती राहिलंय, ते तुला कोणी सांगितलंय?"

मी तिचं दुसरं मनगट धरलं आणि ओढलं. लहानपणी शाळेत न्यायला ओढायची, तसं. ती अर्धवट उठली, तशी म्हातारी किंचाळली. शब्द नव्हते त्यात. एवढ्याशा देहातून तो आवाज निघाला आणि क्रशरच्या घरघरीतही बाहेरच्या बायका धावत दाराशी आल्या. मी हात सोडला. टिटवी खाली बसली आणि म्हातारीच्या कपाळावर गाल टेकवून म्हणत राहिली, "आहे मी, आई. नाही जात. नाही जात."

मी तिथे उभी राहून बघितलं आणि मला कळलं की हिला मी नेऊ शकणार नाही. राग गेला नव्हता. रागाखाली जमीन उरली नव्हती, एवढंच.

निघताना ती म्हणाली, "ताई, मी वेळेत नाही पोचले तर... आईने टिटवी म्हणून हाक मारली तर तू ओ दे."

"वा! म्हणजे राबायचं मी, आणि शेवटी आईही तुझीच?"

"तसं नाही गं."

"मी टिटवी झाले तर तिच्याजवळ थोरली म्हणून कोण असेल? सांग ना."

मी ट्रक गाठला.

घरी पोचले तेव्हा दुसऱ्या दिवसाची सकाळ वर आली होती. नर्सबाईंनी नुसती मान हलवली. आईचे पाय गार पडायला लागले होते. तिने मला बघितलं, माझ्या मागे बघितलं, आणि विचारलं, "बाई, टिटवी आली का?"

"येतेय, आई."

"कधीची येतेय."

मी मशीनवर बसले. काम होतं म्हणून नाही. हातांना दुसरं काही येत नाही. एक बाही लावली, उलटी लागली, उसवली. आई दाराकडे बघत होती. मध्येच झापड यायची आणि मग ती दचकून डोळे उघडायची, झोपेत टिटवी येऊन निघून जाईल म्हणून. नर्सबाईंनी दुधात बोट बुडवून तिच्या ओठांना लावलं. दूध ओठांवरच राहिलं.

"टिटवे," ती दाराला म्हणाली. "टिटवे, ये की गं."

ती हाक मी लहानपणी हजारदा ऐकली होती. संध्याकाळी अंगणातून आम्हाला आत बोलावताना ती धाकटीला आधी हाक मारायची, कारण थोरली आपोआप यायची. मी तीच आपोआप येणारी. आता मात्र समोर बसून मी येऊ शकत नव्हते.

मी उठले. गळ्यातली टेप काढून मशीनवर ठेवली. ती टेप इतकी वर्षं माझ्या गळ्यात आहे, की ती काढल्यावर मला उघडं वाटलं. मागच्या दाराने बाहेर पडले, घराला वळसा घातला आणि पुढच्या दारात येऊन उभी राहिले. नर्सबाई माझ्याकडे बघत होत्या. त्यांना काय समजायचं ते समजलं आणि त्यांनी तोंड फिरवलं.

"आई," मी म्हटलं, "आले मी."

आईचा चेहरा उजळला. असा मी तो कित्येक महिन्यांत बघितला नव्हता. "टिटवे! आलीस? किती उशीर गं!"

"गाडी मिळेना, आई."

तिने हात पुढे केला आणि मी माझा हात दिला. तिने माझी बोटं चाचपली. सुईने घट्टे पडलेली, टोकं खरखरीत झालेली. "अगं, हाताचं काय करून घेतलंस! तिथे दगड फोडायला लावतात की काय तुला?"

"नाही गं, आई."

"खातेस ना नीट? वाळलीस." माझ्याकडे बघून मी वाळले म्हणणारी ती जगातली पहिलीच. मला हुंदका आला, तो मी हसू म्हणून बाहेर काढला. आईही हसली. मग तिने आवाज खाली आणला, घरात कोणी झोपलेलं असलं की आणायची तसा. "थोरली कुठेय?"

मला वाटलं, आता सांगावं. हीच वेळ होती. इतके महिने मी सांगत होते आणि ती ऐकत नव्हती. आता तिने स्वतःहून विचारलं होतं. मी इथे आहे, आई, तुझा हात धरलाय तीच मी, एवढंच म्हणायचं होतं. शब्द ओठांवर आले. पण थोरली आली असती तर टिटवी गेली असती, आणि मग आई पुन्हा दाराकडे बघत बसली असती.

"आत झोपलीय," मी म्हटलं.

"बरं झालं. उठवू नकोस. कधी पाठ टेकत नाही ती." आई दमली, थोडं थांबली. "तिच्याशी बोलायचं राहूनच गेलं बघ. रोज समोर असते ना, म्हणून राहिलं. तू आलीस की तुझ्याशी बोलते, ती असते म्हणून तिच्याशी नाही बोलत."

"मी उठवू का तिला?"

"नको नको. झोपू दे. उठली की तू सांग."

"काय सांगू?"

"म्हणावं, ताई, ऊठ, आई भेटून गेली. म्हणावं, आता मशीन बंद कर. पुष्कळ केलंस." तिने माझा हात दाबला. दाब असा नव्हताच, नुसतं वजन. "सांगशील ना? विसरशील. तू विसरभोळी आहेस."

"नाही विसरत, आई. सांगते."

मग ती म्हणाली, प्रार्थना म्हण. मी "नमो मारिये" सुरू केलं, नर्सबाईंनी आवाज मिळवला. "आता आणि आमच्या मरणाच्या वेळी" इथे येईपर्यंत आईचे ओठ आमच्याबरोबर हलत होते. पुढच्या फेरीला हलले नाहीत. बाहेर शाळा सुटली होती आणि मी शिवलेले गणवेश घालून पोरं आरडाओरडा करत घरी चालली होती.

टिटवी दुसऱ्या दिवशी सकाळी आली. आईला पेटीत ठेवलेलं होतं, दफनाला अवकाश होता. ती दारातच थबकली. केसांत तीच पांढरी पूड. मनगटावर म्हातारीच्या बोटांचे वळ काळेनिळे झालेले.

"आजी काल संध्याकाळी गेली," ती म्हणाली. "मग निघाले."

ती पेटीपाशी गेली, आईच्या हातावर हात ठेवला आणि उभ्या उभ्या रडायला लागली. रडतानाही तिचा आवाज फुटत नव्हता. जिचं नाव टिटवी ठेवलं, तिला आज किंचाळता येत नव्हतं. मी मनात म्हणत होते, भोग, चांगली भोग. आणि त्याच वेळी माझे हात तिच्या केसांतली पूड झटकत होते.

"माझी वाट बघत गेली ना?" तिने विचारलं.

"नाही."

"खरं सांग, ताई."

"वाट कशाला बघेल? तू होतीस की तिच्याजवळ. दुपारीच आलीस. वाळलीस म्हणाली तुला."

तिने माझ्याकडे बघितलं. आधी कळलं नाही, मग कळलं, आणि तिने तोंडावर हात धरला.

"आणि तू?" ती शेवटी म्हणाली. "तुला काय म्हणाली?"

"मला कशी म्हणेल? मी आत झोपले होते."

"ताई..."

"तुझ्याकडे निरोप ठेवलाय तिने माझ्यासाठी," मी म्हटलं. माझा आवाज मलाच शिवण उसवल्यासारखा ऐकू येत होता. "विसरशील म्हणत होती. मला अजून कोणी सांगितला नाही तो. तू सांग. तुला येतं ना असलं."

मी तिला शब्दन् शब्द सांगितला. मग आतल्या खोलीत गेले, माझ्या खाटेवर कुशीवर पडले आणि डोळे मिटले. पन्नाशी उलटलेली बाई, आईची पेटी बाहेर ठेवून, बुटांसकट आडवी. कोणी बघितलं असतं तर म्हटलं असतं, थोरलीलाही भ्रम झाला.

टिटवीची पावलं आली. ती खाटेच्या कडेला बसली. तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला, झोपलेल्या माणसाला दचकवायचं नसतं तसा.

"ताई," ती म्हणाली, "ताई, ऊठ. आई भेटून गेली."